‘श्याम’ मोठा झाला, तो शिकून!

टिटवाळ्याच्या आमच्या चाळीत परवा एक माउली पेढे घेऊन आली. पाचवीतल्या पोराला मालिकेत काम मिळालं होतं. आम्हांला आनंदच झाला. पण ती पुढे म्हणाली, “आता रोज पहाटेच्या लोकलनं गोरेगावला न्यायचं. शाळेचं बघू नंतर.” आमचा पेढा हातातच राहिला. म्हणून आज हे चार शब्द.

वाचकहो, ‘श्यामची आई’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी तो १९५३ साली काढला. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे नावाचा मुलगा श्याम झाला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. अत्रे आपल्या घरांत परके नाहीत. पुढे ‘महात्मा फुले’ चित्रपट काढणारे आणि १९५६ च्या डिसेंबरात दादरला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेपुढे बोलणारे तेच अत्रे.

एवढं नाव लहानपणी मिळालेल्या मुलाचं पुढे काय झालं? तो शिकला. इंग्रजीचा प्राध्यापक झाला. नाटकांत रमला, नाटकं बसवली, जाणकार नाट्यसमीक्षक म्हणून लिहीत राहिला. केसं पिकल्यावर ‘थ्री इडियट्स’ (२००९) आणि ‘डिअर जिंदगी’ (२०१६) मध्ये छोट्या भूमिकांत दिसला. मे २०२५ मध्ये पुण्यात वझे सर गेले, तेव्हा लोकांना पुन्हा श्यामच आठवला. पण त्यांचं घर श्यामच्या कौतुकावर चाललं नव्हतं, विद्येवर चाललं होतं.

दुसरं उदाहरण शफीक सय्यदचं. बंगळुरूहून पळून मुंबईत आलेलं, रस्त्यावर राहणारं पोर. ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) मध्ये तो चायपाव झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुढे कामं मिळेनात. तो बंगळुरूला परतला आणि रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही, आपलीही माणसं चालवतात. पण पोराच्या हाती पदकाखेरीज दुसरा आधार नव्हता, हे मनाला लागतं.

तेव्हा आयांनो, बापांनो, पोराला काम जरूर करू द्या, पण कायदा माहीत असू द्या. १४ वर्षांखालील मुलासाठी २०१७ चे नियम आहेत. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढली पाहिजे. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही. शाळा तुटू नये, ही जबाबदारीही निर्मात्याची. आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत. ते पैसे मुलगा सज्ञान झाल्यावर त्याचे.

हे सगळं आम्ही त्या माउलीला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “ताई, कागदावर सही मागितलीय. इंग्रजीत आहे. रविवारी घेऊन येते, वाचून द्याल?”

आम्ही मग तो पेढा खाल्ला.