काकांची बडतर्फी

आमचे धाकटे काका बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर होते. 1994 च्या पावसाळ्यात सुपरवायझरशी हुज्जत घातली, अंगावर धावून गेले, असे चार्जशीट त्यांना मिळाले. चौकशी झाली आणि गणपतीच्या तोंडावर बडतर्फीचा कागद हाती पडला. 16 वर्षांची नोकरी तीन ओळींत संपली. कागद इंग्रजीत, आणि घरात तो वाचणारा अकरावीतला मी!

"कोर्टाची पायरी चढू नये," असे आजीचे म्हणणे. पण शेजारच्या कन्नड मास्तरांनी कागदावरची तारीख पाहिली आणि म्हणाले, "सहा महिने आहेत, घालवू नका." त्या काळी बहुतेक राज्यांत आधी समेट अधिकाऱ्याकडे जावे लागे, आणि समेट फसला तर सरकार तो तंटा न्यायालयाकडे धाडील तेव्हाच सुनावणी. कर्नाटकाने मात्र 1988 साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करून बडतर्फ कामगाराला सहा महिन्यांत थेट कामगार न्यायालयात जाण्याची मुभा दिली होती.

माझी समजूत अशी की, न्यायाधीश पहिल्याच दिवशी विचारणार, "धावून गेलास की नाही?" तसे झाले नाही. आधी प्रश्न निघाला तो कारखान्यातल्या चौकशीचा. आरोप लेखी कळवला होता का, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारू दिले का, स्वतःची बाजू मांडू दिली का? सारी चौकशी इंग्रजीत झाली होती. काकांना मराठी येते, कामापुरते कन्नडही येते. इंग्रजीत त्यांनी फक्त सह्या केल्या होत्या. चौकशी सदोष ठरली.

आम्ही पेढे आणले. ते घाईचे झाले. चौकशी रद्द झाली तरी मालकाला तोच आरोप न्यायालयापुढे नव्याने सिद्ध करता येतो, हे वकिलांनी नंतर सांगितले. साक्षी झाल्या. हुज्जत शाबीत झाली, धावून जाणे झाले नाही. आता 1971 साली कायद्यात आलेले कलम 11-अ उपयोगी पडले. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जबर असेल तर ती कमी करण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. 1999 साली काकांना परत कामावर घेण्याचा हुकूम झाला; मागचा पगार मात्र निम्माच.

निम्मा का? मधल्या काळात आपल्याला दुसरे काम नव्हते, हे अर्जात लिहायचेच राहून गेले होते. 2013 साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कामगाराने एवढे सांगितले की तो अन्यत्र कमावत होता हे दाखवण्याचा भार मालकावर जातो.

शिक्षक होऊ पाहणाऱ्या मित्रांनी एक ध्यानात ठेवावे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात 1988 सालीच निकाल लागला आहे की, शिक्षक या कायद्याने 'कामगार' नव्हे. त्यांची दाद वेगळ्या ठिकाणी.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तिच्याप्रमाणे समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून 45 दिवस उलटले की कामगार थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मुदत बडतर्फीपासून दोन वर्षे.

गेल्या महिन्यात गल्लीतला एक मुलगा मोबाईलवर आलेला "उद्यापासून येऊ नकोस" हा निरोप घेऊन घरी आला. काका आता सत्तरीचे आहेत. त्यांनी चष्मा लावून आधी तारीख पाहिली, मग विचारले, "राजीनाम्यावर सही तर केली नाहीस न्हवं?"