मानेवरचा मळ

"मळ आहे ओ. डाळीच्या पिठानं घासून दमले, निघतच नाही," आई सांगत होती. अकरा वर्षांच्या पोराच्या मानेवर मखमलीसारखा काळसर पट्टा. कोल्हापुरातल्या एका सोनोग्राफी केंद्रात, डॉक्टरबाईंच्या परवानगीनं मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिलं की कातडी अशी काळवंडते. बाईंनी मान बघितली, बोलल्या काही नाहीत, पोराला झोपवलं.

बरगड्यांखाली गार जेल लागताच पोर खुदकन हसलं. "श्वास घे, धरून ठेव." पडद्यावर यकृत आणि त्याला खेटून उजवं मूत्रपिंड. बाई दोघांना एकाच चौकटीत आणत होत्या. निरोगी यकृत मूत्रपिंडाइतकंच किंवा किंचित जास्त उजळ दिसतं. इथं यकृत दुधाळ आणि शेजारचं मूत्रपिंड काळंकुट्ट, म्हणजे यकृतात चरबी साठलेली. साधी शेजारशेजार ठेवून केलेली पारख. चरबी थोडीच असेल तर मात्र हे यंत्र चकतं, म्हणून रक्तातलं एसजीपीटी हे यकृताचं विकरही बघतात.

जेल पुसून झालं आणि सोयरिकीला बसल्यासारखी चौकशी सुरू झाली. साखर कुणाला? बापाला, तीन वर्षांपासून गोळी. आजीला? तिलाही. यकृताचं दुखणं? चुलता "कावीळ होऊन" गेला, दारूला शिवला नव्हता. बाईंचं पेन तिथं थांबलं.

"आमचं घराणंच अंगापिंडानं भरलेलं," बाप म्हणाला, जरा अभिमानानंच. आजा तालमीतला. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचा, पण पहाटे शेकड्यांनी जोर मारून. नातू तेच दूध साखर घालून पितो आणि रिक्षानं शिकवणीला जातो.

सॅन दिएगोतला 2009 सालचा एक अभ्यास मला आठवत होता. यकृतात चरबी असलेल्या मुलांच्या भावंडांपैकी 59 टक्के आणि आईवडिलांपैकी 78 टक्के जणांत तीच चरबी निघाली. तशाच जाड, पण यकृत स्वच्छ असलेल्या मुलांच्या घरी हेच आकडे 17 आणि 37 होते. म्हणजे नुसत्या वजनावर सगळं ढकलता येत नाही. त्याआधी वर्षभर, 2008 मध्ये, अमेरिकेतल्या डॅलसच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटानं पीएनपीएलए3 या जनुकातला एक बदल पकडला होता. त्यातून बनणारं बदललेलं प्रथिन पेशीतल्या चरबीच्या थेंबावर ठाण मांडतं आणि थेंब विरघळू देत नाही. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बदललेल्या आल्या तर साठा आणखी वाढतो. आपल्याकडं त्यात आणखी एक गुंता: पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलं की पुण्याजवळच्या खेड्यांतली सरासरी 2.7 किलोची बाळं इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा हडकुळी, तरी चरबी त्या मानानं राखून असतात. त्यामुळं बारीक पोरही सुटलं असं नाही.

जनुकाची तपासणी बाईंनी सांगितली नाही. औषधही नाही. बाटलीतलं गोड पाणी बंद, रोज तासभर मैदान, तीन महिन्यांनी परत रक्त. मग बापाकडं वळल्या. "तुम्ही पण झोपा आता." बापानं शर्टाची बटणं काढता काढता बायकोकडं बघितलं.

दाराशी सात वर्षांची बहीण उभी होती, काडीसारखी. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि तिची वेणी हलकेच वर उचलली.