ल्यूपस: डॉक्टरांच्या दोन भेटींमधले दिवस

आज आधी एक हिशोब करूया. समजा, तुमच्या मैत्रिणीला ल्यूपस आहे. दर तीन महिन्यांनी ती नगरहून पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे जाते आणि डॉक्टर तिला पंधरा मिनिटं देतात. म्हणजे वर्षाला एक तास. वर्षात तास असतात ८,७६०. उरलेले ८,७५९ तास तिची काळजी कोण घेतं? ती स्वतः. पण ती कशी घ्यायची, हे तिला कोणी शिकवलंय का?

ल्यूपसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या शरीरावर उलटते. सांधे, त्वचा, रक्त, किडनी, कशावरही. दहातले साधारण नऊ रुग्ण म्हणजे बायका, त्यातही तरुण जास्त. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो मुळापासून जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो. मध्येच उसळतो, मग शांत होतो. आणि गडबड होते ती शांत असतानाच. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्या सुटतात. किंवा लग्न ठरतं आणि सासरी कळू नये म्हणून पाकिटं लपवली जातात.

म्हणून शिकायची पहिली गोष्ट: गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. स्टेरॉइड तर अचानक अजिबात नाही, शरीराला ते झेपत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन बहुतेकींना वर्षानुवर्षं घ्यावी लागते, शक्यतो गरोदरपणातही. ती चालू असताना डोळ्यांचा पडदा डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यायचा. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी हीच गोळी सगळे शोधत होते, तेव्हा ल्यूपसवाल्यांना ती मिळेना. त्यामुळे पंधरा दिवसांचा साठा घरात हवाच.

दुसरी: ऊन. आपल्याकडे कांदाकाढणी असो की गाडीवरून कॉलेज, ऊन टळत नाही. पण सनकोट, स्कार्फ, सनस्क्रीन वापरता येतं. उन्हाने फक्त चेहरा लाल होत नाही, आजारही उसळू शकतो.

तिसरी: किडनी. ती दुखत नाही, गुपचूप बिघडते. लघवीला फेस, पायावर सूज, वाढलेलं बीपी दिसलं की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. लघवीची तपासणी चुकवायची नाही. आणि मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणायची नाही.

चौथी: नोंद. आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉग बघितल्याशिवाय बग शोधत नाही, तसंच हे. मोबाईलमध्ये रोज एक ओळ: थकवा किती, कुठे दुखलं, गोळी घेतली का. पुरळ आलं तर फोटो. मग डॉक्टरांची पंधरा मिनिटं आठवण्यात जात नाहीत. मात्र ताप आला तर नुसती नोंद करून थांबू नका, लगेच फोन करा.

पण हे शिकवणार कोण? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी एक वर्ग तयार केला. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास. शिकवायला तज्ज्ञ डॉक्टर नाहीत, तर प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, ज्यांपैकी काही स्वतः रुग्ण.

हे ऐकून आपल्याला नवल वाटायला नको. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या अनेक बायका तिथे आरोग्य शिकल्या. त्यांनी गावागावात सुरक्षित बाळंतपणं केली, कुष्ठरोगाची भीती घालवली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो प्रयोग ल्यूपससाठी नव्हता. पण आरोग्याचं ज्ञान शेजारणीकडून शेजारणीकडे जाऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

मग ल्यूपस असलेली एक जण दुसरीला का नाही शिकवू शकणार? औषध डॉक्टर ठरवतील. पण 'मीही लग्नानंतर गोळ्या उघडपणे घेते' हे तीच सांगू शकते. असं कोणी ओळखीचं असेल, तर हा भाग तिला पाठवा. आणि तिच्या घरच्यांनाही.