तेनो नदीच्या काठी

फिनलंडच्या अगदी उत्तर टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच पलीकडे, उत्सयोकी नावाचं छोटंसं गाव आहे. इवलोच्या विमानतळावर उतरून गाडीने सुमारे 165 किलोमीटर उत्तरेला जायचं. वाटेत उंच पाइनची झाडं विरळ होत जातात आणि शेवटी बुटकी बर्चच तेवढी उरतात. रस्त्यात रेनडिअर उभे असतात. हॉर्न वाजवा, काही करा, ते हलत नाहीत. अगदी आपल्याकडच्या म्हशींसारखे!

मी गेलो तो जून महिना होता. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. रात्री बाराला मुलं सायकली फिरवत होती. हिवाळ्यात याच्या उलट. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही.

गावाला लागूनच तेनो नदी वाहते. पलीकडचा काठ नॉर्वेचा. 1993 साली बांधलेल्या सामी पुलावरून मी चालत पलीकडे गेलो. कुणी अडवलं नाही, पण घड्याळ एक तास मागे करावं लागलं! दोन्ही काठांवर राहणारे सामी लोक मात्र एकच. भाषा एक, नातीगोतीही एक. घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात असलेल्या बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सीमा आली ती राजांच्या तहातून. 1751 मध्ये डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांनी रेषा आखली, पण सामींना कळप घेऊन ये-जा करायची मुभा ठेवली. पुढे फिनलंड रशियाच्या ताब्यात असताना, 1852 मध्ये, ती वाट रेनडिअरसाठी बंद झाली. नंतरच्या काळात मुलं वसतिगृहाच्या शाळांत गेली आणि तिथे शिक्षण फिनिशमधून. कित्येक घरांत आजी-आजोबा सामी बोलतात, पण मधल्या पिढीला ती नीट येत नाही.

आता चित्र बदलतंय. उत्सयोकी ही फिनलंडमधली सामी बहुसंख्य असलेली एकमेव नगरपालिका. रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत दिसतात आणि शाळेत सामी माध्यमातून शिकता येतं. दक्षिणेला इनारी गावात 1997 पासून ‘भाषेची घरटी’ चालतात. या बालवाड्यांत लहानग्यांशी फक्त त्यांच्याच भाषेत बोलायचं. ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरींकडून आलेली.

खरी काळजी आहे ती नदीची. तेनो ही अटलांटिक सॅमन माशांसाठी प्रसिद्ध नदी. पण मासे इतके घटले, की 2021 पासून त्यांच्या मासेमारीवर बंदी आली. त्याच वेळी पॅसिफिकमधला पिंक सॅमन नदीत शिरतोय. सोव्हिएत काळात रशियाच्या वायव्य भागात सोडलेला हा मासा विषम वर्षांत झुंडीने येतो.

काठावर लांब, अरुंद होड्या ओढून ठेवलेल्या दिसल्या. आम्ही उतरलो होतो त्या घरातले आजोबा सांगत होते, की मासे नसण्यापेक्षा नातवंडं होडीत नसण्याचं दुःख मोठं. पाण्याचा वळसा, जाळ्याचा भाग, माशाचं वय, प्रत्येकाला वेगळा शब्द. ते शब्द पुस्तकात सापडतील, पण तोंडी बसतात ते वल्हं हातात असताना. त्यांनी मला सॅमनसाठी ‘लुओस्सा’ आणि आभारासाठी ‘गीतू’ हे दोन शब्द तेवढे शिकवले.

शाळा हवीच, पाट्याही हव्यात. पण भाषा टिकते ती कामात. आपल्या घरातलंच बघा. कणीक तिंबायची, पुरण वाटायचं, पोळी लाटायची, हे शब्द आजीच्या हाताखाली काम करणाऱ्यालाच येतात. आपल्या नदीवर तर बंदी आलेली नाही. येत्या होळीला पोळ्या विकत आणण्याआधी एवढा विचार जरूर करा.

आणि कधी तिकडे गेलात, तर एक लक्षात ठेवा. तुमच्याकडे रेनडिअर किती, असं कुणाला विचारू नका. बँकेत पैसे किती, असं विचारण्यासारखंच ते!