आरजीएस डोमेन

आरजीएस डोमेन हा अनेक प्रथिनांमध्ये आढळणारा, उत्क्रांतीच्या ओघात बव्हंशी टिकून राहिलेला सुमारे १२० अमिनो आम्लांचा भाग आहे. जी-प्रथिनांमार्फत पेशीत पोहोचलेला संदेश वेळेवर थांबवणे हे त्याचे मुख्य कार्य होय. 'आरजीएस' हे 'रेग्युलेटर ऑफ जी-प्रोटीन सिग्नलिंग' या इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. हे डोमेन यीस्टपासून मानवापर्यंत आढळते. मानवात सुमारे २० प्रमुख आरजीएस प्रथिने ज्ञात आहेत.

पार्श्वभूमी

संप्रेरक, चेतापारेषक किंवा प्रकाश यांमुळे पेशीपटलावरील ग्राही सक्रिय झाला की तो जी-प्रथिनाला चालना देतो. त्या वेळी जी-प्रथिनाच्या अल्फा उपघटकावरील जीडीपी हा रेणू निघून त्या जागी जीटीपी येतो आणि संदेश पुढे जातो. अल्फा उपघटक स्वतःच जीटीपीचे जलापघटन करून पुन्हा निष्क्रिय होतो. परंतु ही क्रिया मंद असते. प्रत्यक्ष पेशीत मात्र अनेक संदेश याहून कितीतरी लवकर थांबतात. या तफावतीचा उलगडा आरजीएस प्रथिनांमुळे झाला.

रचना व कार्यपद्धती

आरजीएस-४ या प्रथिनाची अल्फा उपघटकासह असलेली स्फटिक-रचना १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. या डोमेनमध्ये नऊ अल्फा-सर्पिले असतात. जलापघटन होताना अल्फा उपघटकाचे काही लवचीक भाग विशिष्ट स्थितीत यावे लागतात. आरजीएस डोमेन त्यांना त्या स्थितीत धरून ठेवते आणि त्यामुळे अभिक्रियेचा वेग अनेक पटींनी वाढतो. रास प्रथिनाला निष्क्रिय करणारी प्रथिने आपले एक आर्जिनिन अभिक्रियास्थळी पुढे करतात. आरजीएस डोमेनला तसे करावे लागत नाही, कारण अल्फा उपघटकापाशी ते आर्जिनिन मुळातच असते.

शोध

यीस्टमधील एसएसटी-२ या जनुकात बिघाड असल्यास पेशी समागम-फेरोमोनला अतिसंवेदनशील होतात, हे १९८० च्या दशकात दिसून आले होते. १९९६ मध्ये सूत्रकृमीच्या अंडी घालण्याच्या वर्तनावर परिणाम करणाऱ्या ईजीएल-१० या प्रथिनाचे एसएसटी-२ शी साम्य आढळले. त्याच वर्षी आरजीएस प्रथिने जीटीपीच्या जलापघटनाला वेग देतात, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

दृष्टीतील महत्त्व

डोळ्यातील प्रकाशग्राही पेशींमध्ये ट्रान्सड्यूसिन हे जी-प्रथिन प्रकाशाचा संदेश पुढे नेते, तर आरजीएस-९ तो थांबवते. आरजीएस-९ किंवा त्याला पटलाशी बांधून ठेवणारे प्रथिन सदोष असल्यास ब्रॅडिऑप्सिया हा दुर्मीळ आनुवंशिक दृष्टिदोष होतो. त्याची जनुकीय कारणे २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा व्यक्तींना अंधारातून एकदम उजेडात आल्यावर दिसण्यास वेळ लागतो; वेगाने येणारा चेंडूही त्यांना नीट दिसत नाही. प्रकाशाची जाणीव होण्याइतकेच ती वेळेवर संपणेही स्पष्ट दृष्टीसाठी आवश्यक असते, हे या विकारातून दिसून येते.