'साखर', 'तोंडीलावणे' आणि 'पथ्य' : मधुमेहाच्या आहाराविषयी काही भाषिक निरीक्षणे

मधुमेहाचे निदान झालेल्या मराठी माणसाला मिळणारा पहिला उपदेश बहुधा दोनच शब्दांचा असतो : 'गोड बंद'. प्रस्तुत लेखकाला तो तीन वर्षांपूर्वी मिळाला आणि त्याने तो निष्ठेने पाळला. चहा बिनसाखरेचा झाला, सणावारी पुरणपोळीचे ताट परत गेले, आंब्याचा एक हंगाम कोरडा गेला. तीन महिन्यांनंतर रक्ताची तपासणी केली, तेव्हा मागील तीन महिन्यांतील सरासरी शर्करा दर्शविणारा एचबीएवनसी हा आकडा ८.१ टक्क्यांवरून ७.९ वर आला होता. हा आकडा ६.५ किंवा त्याहून अधिक असला म्हणजे मधुमेह मानतात, हे लक्षात घेता एवढ्या संयमाचे हे फळ फारच तुटपुंजे होते. पुढे एका आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले, "तुम्ही भाकऱ्या किती खाता?" प्रश्न लेखकाला अप्रस्तुत वाटला. तो तसा का वाटला, ह्याचे उत्तर वैद्यकापेक्षा भाषेत अधिक सापडते, असे आता त्याचे मत आहे.

प्रथम 'साखर' हा शब्द घेऊ. संस्कृत 'शर्करा' ह्याचा मूळ अर्थ खडे किंवा वाळू असा होय. उसाच्या रसापासून मिळणाऱ्या दाणेदार पदार्थाला हे नाव त्याच्या रूपावरून पडले, रुचीवरून नव्हे. मूत्रमार्गातील खड्यांनाही आयुर्वेदीय ग्रंथांत 'शर्करा'च म्हटले आहे. प्राकृतातील 'सक्करा' ह्या रूपातून आपली 'साखर' आली. हाच शब्द फारसी व अरबीमार्गे युरोपात गेला आणि 'शुगर' होऊन परत आला. म्हणजे आज मराठीत एकाच मुळाचे तीन शब्द नांदत आहेत : ग्रंथातील 'शर्करा', डब्यातील 'साखर' आणि दवाखान्यातील 'शुगर'. तीन शब्द असले, की तीन अर्थ वाटून घ्यावेत, अशी भाषेची सामान्य रीत आहे. येथे मात्र वाटणी अपुरी राहिली. 'माझी साखर वाढली' असे म्हणणारा रोगी रक्तातील ग्लुकोजविषयी बोलत असतो, परंतु त्याच्या मनात स्वयंपाकघरातील डबाच उभा राहतो. कारण आणि कार्य ह्यांना एकच नाव मिळाल्यामुळे उपायही नावावरूनच ठरतो.

वस्तुस्थिती अशी आहे. प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात निरोगी अवस्थेत, उपाशीपोटी, सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे एक लहान चमचाभर. उलट, ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम पिष्टमय द्रव्य असते आणि दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातातही जवळजवळ तितकेच. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी होय. ती जिभेला गोड लागत नाही, पण तिचे तुकडे पडण्यास तोंडातील लाळेतच आरंभ होतो आणि आतड्यात पोहोचल्यावर तिचे ग्लुकोजच होते. डब्यातील साखरेचा तर अर्धाच भाग ग्लुकोज असतो, उरलेला अर्धा फ्रुक्टोज. दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात असे जेवण म्हणजे १२० ग्रॅम पिष्ट. दिवसातील दोन कप चहामधून लेखकाने काढून टाकलेली साखर होती अवघी २० ग्रॅम. आहारतज्ज्ञ बाईंचा प्रश्न अप्रस्तुत नव्हता, हे ह्या बेरजेने पटावे.

निरोगी शरीरात एवढ्या आवकेची विल्हेवाट इन्सुलिन लावते. मधुमेहात ते अपुरे पडते किंवा पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून किती पिष्ट येते आणि किती वेगाने येते, ह्या दोन्ही गोष्टींना महत्त्व प्राप्त होते. वेग मोजण्याची रीत टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली; तिला ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. ह्या मोजणीत पांढरा भात आणि साखर ह्यांच्यातील अंतर जिभेला वाटते तेवढे मोठे राहत नाही. हरभरा, मटकी, मसूर अशी कडधान्ये मात्र पुष्कळच खाली असतात.

'गोड' ह्या शब्दाने आणखी एक घोटाळा केला आहे. गोडाचा विरुद्धार्थी शब्द कडू, म्हणून गोडाने झालेल्या रोगावर कडू हा उतारा, असा समज घरोघर आढळतो. शब्दांतील विरोध पदार्थांवर लादण्याचा हा प्रकार होय. मेथीदाण्यांचा थोडा उपयोग होतो, पण त्याचे श्रेय त्यांतील विद्राव्य तंतूंना आहे, कडवटपणाला नाही. कारल्याचा रस पिऊन वर तीन पोळ्या खाणाऱ्याला तो रस काय तारणार? आणि गुळाला साखरेहून वेगळे नाव असल्यामुळे 'गूळ चालतो' असे मानणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की गुळाचा मोठा भाग साखरच असतो.

ह्याहून खोलवर रुजलेला शब्द म्हणजे 'तोंडीलावणे'. आपल्या जेवणाची सारी व्यवस्था ह्या एका शब्दात सामावलेली आहे. धान्य हे जेवण. भाजी, आमटी, उसळ, चटणी हे सर्व त्याच्या तोंडी लावण्यापुरते. ग्रामीण बोलींतील 'कोरड्यास' हा शब्द तर हेच नाते उघड बोलून दाखवितो : कोरडी असते ती भाकरी, आणि बाकीचे तिच्यासाठी. 'कालवण' तेही भातभाकरीत कालविण्यासाठीच. उपजीविकेला आपण 'भाकरी' म्हणतो, 'उसळ' म्हणत नाही. ही उतरंड चवीतून आलेली नसून टंचाईतून आली आहे. धान्य त्यातल्या त्यात परवडणारे, डाळ महाग. तेव्हा पिठल्याच्या एका गोळ्यावर दोन-तीन भाकऱ्या रेटाव्या लागत. दिवसभर नांगर धरणाऱ्याचे स्नायू ते पिष्ट जाळूनही टाकीत. खुर्चीत बसून प्रबंध तपासणाऱ्या माणसाने भाषा मात्र नांगऱ्याची ठेवली आणि भूकही तिच्याप्रमाणेच मोजली.

मधुमेहाचा आहार म्हणजे मुख्यतः ही उतरंड उलटी करणे होय. भाकरीने उसळीच्या तोंडी लागावे. लेखकाच्या ताटात आता अर्धा भाग भाजी व कोशिंबीर, पाव भाग उसळ, पिठले, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव भागात एक भाकरी, नाहीतर अर्धी वाटी भात असतो. क्रमही बदलला. आपली रूढ पंगत वरणभाताने सुरू होते, म्हणजे रिकाम्या पोटी प्रथम भात जातो. भाजी आणि डाळ आधी खाऊन पिष्ट शेवटी घेतल्यास जेवणानंतरची शर्करेची उसळी कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ह्या सुधारणेला घरातील ज्येष्ठांनी प्रारंभी पाहुण्यांचा अपमान मानले, हेही नमूद करावयास हवे. जेवणानंतरच्या शतपावलीची मात्र कोणी थट्टा केली नाही. शब्द जुना होता. औषध तेच ठेवून सहा महिन्यांत आकडा ६.८ वर आला. प्रत्येकाचा असाच येईल, असे मात्र नाही.

'पथ्य' ह्या शब्दाकडेही थोडे पाहिले पाहिजे. संस्कृतात पथ्य म्हणजे मार्गाला अनुकूल, हितकर. काय खावे हे सांगणारा शब्द. मराठीत तो काय खाऊ नये ह्याची यादी होऊन बसला आहे. मूळ अर्थ 'पथ्यावर पडणे' ह्या वाक्प्रचारात तेवढा जिवंत राहिला. 'उपवास' ह्या शब्दाचा प्रवास ह्याच्याही पलीकडचा. वर्ज्यतेचे नाव एका खाद्यवर्गाला मिळाले आणि 'उपवासाचे' म्हणून साबुदाणा आला. हे नाव मलायातील 'सागू'वरून आलेले. आपल्याकडील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक पिष्ट असते आणि तंतू जवळजवळ नसतात. मधुमेही माणसाला धर्मकर्म सांभाळायचे असेल, तर दाण्याची आमटी, ताक, काकडी ही वाट मोकळी आहे. 'एकादशी, दुप्पट खाशी' असे म्हणणाऱ्यांना हे आधीच कळले असावे.

मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने खरा उपवास, अथवा पिष्टात एकाएकी मोठी कपात, डॉक्टरांना न विचारता करू नये. औषध आपले काम करीत राहते आणि रक्तातील ग्लुकोज ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे अडखळते. वेळीच उपाय न केल्यास शुद्ध हरपते. अशा वेळी तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून देणे हेच पथ्य. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा द्यावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात मात्र काही घालू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

लेखकाच्या आत्याबाई इन्सुलिन घेत. एका संकष्टीला दुपारी त्या म्हणाल्या, "साखर कमी झाल्यासारखी वाटते." घरातल्यांनी ते ऐकले आणि सर्वांना बरे वाटले; उपवास लागू पडला, असे कोणी म्हणालेही. वर्षभर त्या घरात 'साखर कमी होणे' हे शब्द आनंदाच्या बातमीचे होते. अर्ध्या तासाने शेजारणीने त्यांचा घामाने भिजलेला पदर पाहिला आणि साखरेचा डबा मागितला, म्हणून त्या वाचल्या. त्यानंतर त्या घरात कोणी 'कमी' आणि 'जास्त' म्हणत नाही. आकडा सांगतात.