गांवची पंचायत आणि गांवचा उद्योग

खेड्यांत उद्योगधंदे वाढावेत हें वाक्य इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे कीं, त्यास विरोध करणारा माणूस आतां शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. मतभेद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापाशीं. ते वाढवावयाचे कोणीं? दिल्लीच्या मंत्रालयानें, मुंबईच्या सरकारनें, एखाद्या सेवाभावी संस्थेनें, कीं ज्या गांवांत तो उद्योग चालावयाचा त्या गांवच्या पंचायतीनें? या प्रश्नाचा विचार करावयास वर्धा जिल्ह्याइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच मिळेल. हे चारहि मार्ग तेथें थोडेफार चालून पाहिले गेले आहेत.

संस्थेचा मार्ग सर्वांस परिचित आहे. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग त्याला दिली; तीच मगनवाडी. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस, लंडन व अमेरिका येथें शिकलेले. खेड्याकडे त्यांनीं जमाखर्चाच्या वहींतून पाहिलें, आणि माझ्या मतें हाच त्यांचा मोठा विशेष होय. झवेरभाई पटेलांनीं तेथें तेलघाणींत सुधारणा केली, हातकागद बनूं लागला, शेजारीं नालवाडीस चर्मालय चाललें. डिसेंबर १९३८ मध्यें गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें.

ती जमाखर्चाची वही आपणहि थोडी चाळून पाहूं. हिंगणघाटच्या कापसाचें नांव फार जुनें आहे. शंभर किलो कापूस जिनांत घातला तर सुमारें तेहतीस-चौतीस किलो रुई हातीं येते; उरलेली बहुतेक सरकी. सरकीचें तेल निघतें आणि पेंड गुरांना घालतां येते. शेतकरी कापूस गाडींत भरून बाजारांत नेतो तेव्हां ही सरकीहि त्याबरोबर निघून जाते. मग आपल्याच बैलांसाठीं तो तीच पेंड बाजारांतून विकत आणतो. दोन वेळचें भाडें आणि मधल्या व्यापाऱ्यांचा नफा, दोन्ही त्याच्याच अंगावर पडतात. पुढें कातणें, विणणें, रंगविणें या प्रत्येक पायरीवरची मजुरी गांवाबाहेर जाते ती वेगळीच. गांवाकडे उरते ती फक्त पीक काढण्याची मजुरी, आणि पाऊस चुकला कीं तीहि बुडते. या हिशेबाची किंमत किती भयंकर असूं शकते, तें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं दाखविलें. १ जुलै २००६ च्या सुमारास पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यांतील वायफड येथें आले. वर्ध्यासह विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तींतील मोठा भाग पाटबंधारे आणि कर्जावरील व्याजाची माफी यांसाठीं होता. सरकीचा हिशेब होता तसाच राहिला.

आतां स्थानिक राज्यकारभाराकडे वळूं. लॉर्ड रिपन यांचा ठराव १८८२ सालचा, मध्यप्रांताचा कायदा त्याच्या पुढच्याच वर्षाचा. त्या काळच्या मंडळांना रस्ते, शाळा, दवाखाने, कोंडवाडे इतकेंच काम होतें. उद्योग हा त्यांचा विषयच नव्हता. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळांत कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालीं प्रांताची औद्योगिक पाहणी झाली व १९३९ सालीं अहवाल निघाला. १९४८ मध्यें द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या योजनेप्रमाणें तहसीलवार जनपदसभा आल्या. वर्धा, आर्वी व हिंगणघाट हीं त्यांचीं येथील क्षेत्रें. १९६२ मध्यें त्यांची जागा जिल्हा परिषद व पंचायत समित्या यांनीं घेतली. १९९३ पासून घटनेच्या अकराव्या अनुसूचींत पंचायतींसाठीं २९ विषय नोंदले आहेत. त्यांत आठवा विषय लघुउद्योगांचा आणि नववा खादी, ग्रामोद्योग व कुटिरोद्योग यांचा.

विषय असा मिळाला. यंत्रणा मात्र दुसरीकडेच राहिली. जिल्हा उद्योग केंद्रें १९७८ पासून निघालीं, तीं राज्याच्या खात्याचीं. खादी आयोग केंद्राचा. खुद्द मगनवाडींत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था संशोधन करते, तीहि केंद्रीय मंत्रालयाखालीं. ग्रामपंचायतीजवळ घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचें शुल्क आणि वरून येणारीं अनुदानें. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळांत २०२१ पासून या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधलेला होता. पाणी आधीं हवें हें खरें; पण उरलेल्या पैशांत रस्ते, दिवे भागवून उद्योगाला कितीसें उरणार?

कांहीं मंडळी यावर सुचवितात कीं, पंचायतीनें स्वतःच कारखाना काढावा. मला हें पटत नाहीं. पांच वर्षांनीं बदलणाऱ्या मंडळानें तेल गाळून विकावें, तोटा आला तर तो घरपट्टींतून भरावा, आणि नोकरी मात्र सरपंचांच्या भाच्याला मिळावी, असा तो व्यवहार होईल. पंचायतीचें काम निराळें आहे. एकटा तेली किंवा महिलांचा एक बचतगट जें उभारूं शकत नाहीं, तें तिनें पुरवावें. तेलघाणीला हवी असते कोरडी खोली, खात्रीची वीज आणि पावसाळ्यांतहि गाडी पोंचेल असा रस्ता. रंगाऱ्याला पाणी हवें, आणि त्याहून अधिक, रंगाचें पाणी विहिरींत मुरूं नये अशी गटाराची सोय हवी. अशी एक सामायिक जागा अल्प भाड्यानें देणें हें पंचायतीच्या आंवाक्यांतलें आहे.

त्यांतहि एक अडचण राहते, ती शहरांतल्या श्रोत्यांना सांगितली पाहिजे. मोठ्या गिरणींत पेंडींतील शेवटचें तेलहि रसायनानें ओढून घेतात; घाणीच्या पेंडींत तें बरेंच शिल्लक राहतें. गुरांना ती पेंड मानवते, पण तेवढें तेल तेल्याच्या हातून जातें, म्हणून घाणीचें तेल महागच पडणार. खोलीचें भाडें कमी करून हा फरक थोडा घटतो, पुरता मिटत नाहीं. राहिलेला भाग गिऱ्हाइकानें सोसावयाचा असतो. हल्लीं पुण्या-नागपुरांतील घरोघरीं लाकडी घाण्याचें तेल आवर्जून मागतात. तें वर्ध्याच्या खेड्यांतून येतें कीं शहरांतल्याच दुकानांतून, याची चौकशी मात्र फारशी कोणी करीत नाहीं.

पंचायतीचा वार्षिक विकास आराखडा ग्रामसभेपुढें मांडावा लागतो. त्या सभेस यावयाचा आणि बोलावयाचा हक्क गांवच्या प्रत्येक मतदारास आहे. घाणीच्या खोलीची किंवा रंगाऱ्याच्या गटाराची मागणी तेथें नोंदवून घेतां येते, आणि पुढच्या वर्षीं त्या नोंदीचें काय झालें हेंहि विचारतां येतें.